कठीण लाकूड, चेनसॉ आणि सरपण: ठाणे-नवी मुंबईकर नेहमी विचारतात ते प्रश्न

वर्षातून दोनदा माझा फोन सारखा वाजत असतो. जूनमध्ये "झाड पडलंय, लगेच या" म्हणून, आणि दिवाळीनंतर "ओंडके पडून आहेत, सरपण करून द्याल का" म्हणून. वडिलांची कळव्याला लाकडाची वखार होती. तिथे घण-पाचर शिकलो आणि २००४ पासून चेनसॉ चालवतोय. सोसायट्यांचे सेक्रेटरी, लग्नाचे आचारी, मुरबाड-शहापूरला जमीन घेतलेले लोक, सगळे तेच प्रश्न विचारतात. घाईच्या फोनवर नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

झाड आमच्याच कंपाउंडमध्ये आहे. मग परवानगी कशाला?

कारण जमीन तुमची असली तरी झाड तोडण्याचा निर्णय एकट्या तुमचा नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. अर्ज पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा. त्यांचा माणूस पाहणी करतो आणि मग लेखी परवानगी मिळते. या कायद्यात झाड 'तोडणं' म्हणजे फक्त बुंध्यातून कापणं नव्हे. जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं हेही त्यातच येतं. त्यामुळे आधी मुळाशी काहीतरी ओतायचं आणि मग "झाड वाळलं हो" म्हणायचं, हा मार्ग कुणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. असं झाड तोडायची वेळ आलीच, तर त्याचं वय जितकं, तितकी झाडं भरपाई म्हणून लावावी लागतात.

निव्वळ सरपणासाठी शहरातलं उभं, जिवंत झाड मी पाडत नाही. परवानगी असली तरी आधी विचारतो की छाटणीवर भागेल का. बहुतेक वेळा भागतं.

आणि जे आपोआप पडलं किंवा वाळलं, त्याचं?

मेलेलं, वाऱ्याने पडलेलं किंवा जिवाला धोका झालेलं झाड, ही कारणं कायद्यात धरलेलीच आहेत. तरीही अर्ज आणि पाहणी चुकत नाही. मशीन सुरू करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, मुळांचा गड्डा दिसेल असा एक फोटो हवाच. रस्त्यावरचं झाड पालिकेचं असतं, त्याचं लाकूडही पालिकेचंच. तुमच्या गाडीवर पडलं म्हणून ते तुमचं होत नाही.

मुरबाडला आमची मालकीची जमीन आहे. तिथे तरी मोकळीक आहे ना?

शहराबाहेर कायदा वेगळा आहे, महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी आहेत. म्हणजे सरपणाला जी लाकडं उत्तम, त्यांतली बरीचशी याच यादीत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर १९६९ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. सातबारा नीट वाचा, ठाणे जिल्ह्यात 'खाजगी वन' अशी नोंद बऱ्याच जमिनींवर आहे. येऊरच्या बाजूला तर राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही येतं.

लाकूड टेम्पोत भरून ठाण्याला आणायचं असेल तर वन विभागाचा वाहतूक परवाना. झाडांच्या काही जातींना त्यातून सूट आहे. टेम्पो ठरवण्याआधी वनक्षेत्रपाल कार्यालयात तुमच्या झाडाचं नाव सांगून विचारा. नाक्यावर अडकलेला टेम्पो म्हणजे दोन दिवसांचं भाडं आणि मनस्ताप.

खाडीकाठची वाळलेली खारफुटी?

हात लावायचा नाही, वाळलेलीलाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच खारफुटी तोडायला बंदी घातली आहे. ऐरोलीपासून वाशीपर्यंतच्या वस्त्या भरतीच्या पाण्यापासून सांभाळणारी ही झाडं आहेत. सरपणाचा हिशोब तिथे लावूच नये.

कोणतं लाकूड सरपणाला चांगलं?

आधी एक समजून घ्या. किलोमागे उष्णता सगळ्या सुक्या लाकडांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो घनतेने. सुकं सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, बाभूळ ७५० ते ८००, चिंच ८५० ते ९००, आणि खैर हजाराच्या जवळ जातो. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त सरपण मावतं, निखारा टिकतो आणि आचाऱ्याला सारखं चुलीपाशी उठावं लागत नाही.

माझी पसंती बाभळीला. गाभा तांबूस, आग सरळ, निखारा दमदार आणि ओली असताना घणाखाली बऱ्यापैकी फुटते. सुरूही उत्तम, रेष सरळ असल्याने फोडायला सोपा. ऐन आणि धावडा दोन्ही जबरदस्त. धावड्याचा कुऱ्हाडीचा दांडा ज्याने वापरला असेल त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. पण ही डोंगरातली झाडं, परवानगीचं लाकूड मिळालं तरच. चिंचेचा निखारा रात्रभर धरतो, फोडताना मात्र घाम काढतो. तिची रेष एकमेकींत गुंतलेली असते. पाचर आत जाते, ओंडका उघडत नाही. चिंचेला मी कडेकडेने ढलपे काढतो, मधोमध घाव घालत नाही.

शहरात पडतं ते मुख्यतः गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर आणि सुबाभूळ. सुबाभूळ चांगलं सरपण देते. गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, हीसुद्धा. पर्जन्यवृक्ष मध्यम, पिठ्या ढेकणाने वाळलेले बरेच निघतात. गुलमोहर हलका, चटकन पेटतो आणि चटकन संपतो, आच धरायला घ्यावा. नारळाच्या खोडावर चेन घालू नका. बाहेरचा भाग चेनची धार खातो आणि आतला स्पंज सुकतच नाही.

कोणतं लाकूड चुलीत घालूच नये?

कण्हेर. तिचा धूर आणि चीक दोन्ही विषारी. बिब्बाही नको, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धुराने त्रास होतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या फर्निचरचे तुकडे हेही नको, त्यातल्या रंग-गोंदाचा धूर अन्नात उतरतो. शिरीष जाळायला ठीक, पण कापताना त्याच्या भुशाने नाक आणि घसा खाजतो, तोंडावर मास्क बांधा.

जास्त सीसीचं मशीन घेतलं की कठीण लाकूड लोण्यासारखं कापलं जाईल ना?

नाही. वर्षातून चार ओंडके कापायचे असतील तर मशीन भाड्याने घ्या. नियमित बाभूळ-चिंच कापणार असाल तर ५० ते ६० सीसी आणि १८ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) पुरेसा आहे. याहून लहान मशीन कठीण लाकडात गुदमरतं, मोठं मशीन दिवसभर पेलवत नाही आणि दमलेला हात चुकतो. मशीनपेक्षा चेनकडे लक्ष द्या. टोकदार कोपऱ्याच्या दात्यांची चेन मऊ लाकडात वेगाने धावते, पण कठीण आणि माती लागलेल्या लाकडात लवकर बोथट होते. कोपरा किंचित गोल असलेली, दुकानात जिला सेमी-चिझल म्हणतात, तीच मागा.

दुसऱ्याच ओंडक्याला चेन बोथट होते. चेनच खराब आहे का?

दहातल्या नऊ वेळा चेन चांगली असते, कानस फिरलेली नसते. कापाखाली काय पडतंय ते बघा. जाड, चौकोनी ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला, काप आपोआप एका बाजूला वळायला लागला किंवा मशीन दाबून धरावं लागलं की तिथेच थांबा. मी टाकी संपली की पेट्रोल भरण्याआधी कानस काढतो. प्रत्येक दात्याला दोन-तीन हात पुरतात.

कानस गोल हवी आणि चेनच्या मापाची हवी. ०.३२५ इंची चेनला ४.८ मिलिमीटरची. बार ओंडक्यात घट्ट बसवा, चेन-ब्रेक लावा, हातमोजे घाला. कानशीचा साधारण पाचवा भाग दात्याच्या वर दिसला पाहिजे. बारला काटकोनात धरलेल्या रेषेपासून कानस ३० अंश तिरकी धरायची, फार कठीण लाकडाला मी २५ वर येतो. आतून बाहेर एकाच दिशेने ढकलायची, परत येताना उचलायची. मागेपुढे घासलं तर कानसही जाते आणि दाताही. एका बाजूचे सगळे दाते झाले की मशीन फिरवून दुसरी बाजू. सगळ्यांत लहान झालेला दाता शोधा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा, नाहीतर काप वाकडा जाणार. दात्याच्या पुढची ठेंगणी खुंटी दात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावी. "जास्त खाऊ दे" म्हणून ती अजून खाली घासली की बाभळीत चेन आडवते आणि मशीन हातात उसळतं.

धार नसलेलं मशीन माणूस जोराने दाबतो, आणि माझ्या पाहण्यातले निम्मे अपघात त्या दाबण्यातून झालेत. म्हणून या प्रश्नाला एवढी जागा दिली.

कापताना ठिणगी उडाली. आता?

आत लोखंड आहे. शहरातल्या झाडांत ते असतंच: बॅनरचे खिळे, जुनी तार, दिव्यांच्या माळा बांधलेले हूक, त्यांवर साल चढून गेलेली. बाभूळ-चिंचेत एक खूण आधीच मिळते. या लाकडांत टॅनिन असतं आणि लोखंडाशी त्याचा संबंध आला की लाकूड शाईसारखं निळं-काळं पडतं. तांबूस गाभ्यात असा डाग किंवा लांबट रेघ दिसली की मी मशीन बंद करतो आणि त्या जागेपासून वीतभर सोडून नवा काप घेतो. रस्त्याकडेच्या झाडाचा जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंतचा बुंधा नेहमी संशयाने कापा. काठी ठोकून आणि साल खरवडून बघायला पाच मिनिटं जातात, नवी चेन महाग पडते.

चेनला गाडीचं काढलेलं काळं तेल चालेल का? सगळे तेच घालतात.

मी घालत नाही. त्यात धातूचा कीस असतो, बार झिजवतो. शिवाय चेन ते तेल तुषारांसारखं उडवते, तुमच्या तोंडावर आणि ज्या लाकडावर उद्या भाकरी भाजायची त्यावर. चेनचं तेल वापरा. बारचं टोक कोऱ्या लाकडाजवळ धरून मशीन रेस केलं की तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. रेघ नाही म्हणजे तेल पोचत नाही.

मशीन दोन महिन्यांनी सुरूच होत नाही.

पेट्रोल आत ठेवलं असणार. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. काम संपलं की टाकी रिकामी करा, मशीन चालू ठेवून कार्बोरेटरमधलं जाळून टाका. ऑइल मिसळताना मशीनच्या पुस्तिकेतलं प्रमाण पाळा. चांगल्या टू-टी ऑइलला बहुधा ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिली. मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका.

उभं झाड मी स्वतः पाडू का? व्हिडिओ बघितलेत.

सोसायटीत, वायरीजवळ, भिंतीजवळ, झुकलेलं किंवा पोकळ झाड असेल तर नाही. वायर असेल तर आधी वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या, तक्रारीचा क्रमांक १९१२. शहरातलं झाड आम्हीही एकसंध पाडत नाही. वरून दोर बांधून तुकड्यातुकड्याने उतरवतो, आणि ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

शेतावर, मोकळ्या जागेत, सरळ वाढलेल्या मध्यम झाडाची पद्धत थोडक्यात अशी. आजूबाजूला झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको. पाडायच्या दिशेच्या उलट, मागे तिरक्या दोन वाटा आधीच साफ करायच्या. पडायच्या बाजूने बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी खाच. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढं लाकूड न कापता राखायचं. ४० सेंटिमीटरच्या बुंध्याला ४ सेंटिमीटर. हीच बिजागरी. तिच्यावर झाड वळतं. ती पूर्ण कापली तर झाड कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. मागच्या कापात प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोका, लोखंडाची नको. झाड हललं की मशीन बंद, वाट धरा आणि वर बघत चला.

झुकलेल्या कठीण झाडाला मागून सावकाश कापत गेलं तर बुंधा उभा चिरतो आणि मागचा अर्धा भाग छातीच्या उंचीवर लाथेसारखा मागे येतो. म्हणून "झुकलेलं आहे, आपोआप पडेल" हे वाक्य ऐकलं की मी माणसांना लांब करतो.

वादळात पडलेलं झाड तर आधीच आडवं आहे. त्यात काय धोका?

माझ्या मते उभ्या झाडापेक्षा जास्त. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी घोडबंदर रोडलगतच्या एका सोसायटीत आम्ही होतो. शिरीष मुळासकट उपटून भिंतीवर टेकला होता. मुळांचा गड्डा माणसाएवढा उंच, मातीसकट. माझ्या जोडीदाराने बुंध्याजवळ काप घातला. शेवटचं बोटभर लाकूड सुटलं आणि वरचं वजन गेल्याबरोबर गड्डा धाडकन आपल्या खड्ड्यात परत बसला. बुंध्याचं टोक वर उसळलं आणि त्याच्या नडगीवर बसलं. हाड मोडलं. गड्ड्याला दोर बांधायला मी सांगायला हवं होतं. घाई होती, लोक रस्ता मोकळा करा म्हणत होते, आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून गड्ड्याला दोर बांधल्याशिवाय आणि मागे कुणी नाही हे स्वतः फिरून बघितल्याशिवाय आमच्यात मशीन चालू होत नाही.

पडलेल्या झाडाचं प्रत्येक लाकूड कुठेतरी दाबलेलं आणि कुठेतरी ताणलेलं असतं. ओंडका दोन टोकांवर टेकलाय आणि मध्ये अधांतरी आहे, तर वरची बाजू दाबात आणि खालची ताणात. अशा वेळी आधी दाबाच्या बाजूने तिसऱ्या भागापर्यंत काप, मग ताणाच्या बाजूने हळूहळू. एकच टोक टेकलंय आणि दुसरं हवेत, तर सगळं उलट. धनुष्यासारखी वाकलेली बारीक फांदी सगळ्यांत फसवी. तिला आतल्या वळणाकडून थोडं थोडं तासून ताण मोकळा करायचा, एका झटक्यात तोडायची नाही.

अंगावर काय काय हवं? उकाड्यात सगळं घालवत नाही.

घालवत नाही हे मला मान्य आहे. ठाण्याच्या मे महिन्यात जाड पँट घालून उभं राहणंच शिक्षा असते. म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला सुरू करून अकराला थांबतो, पण पँट काढत नाही. चेन लागली की आतले धागे बाहेर ओढले जातात आणि चेन जागच्या जागी अडकवतात, साध्या जीन्सला ते जमत नाही. जाळीचं हेल्मेट, पुढे टोपी असलेले बूट आणि कानाला मफ. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. माझ्या डाव्या कानाचं थोडं गेलंय.

डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून गुंडाळलेला हवा. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका, तिथूनच मशीन तोंडाकडे उसळतं. खांद्याच्या वर, एका हाताने किंवा शिडीवरून कधीही नाही.

लगेच कापावं की सुकल्यावर?

लगेच. ताजी बाभूळ-चिंच चेनला पुष्कळ मऊ लागते आणि फोडायलाही. तीच वर्षभराने दगड होते. तुकडे ओले असतानाच करायचे, सुकवायचे नंतर.

आपल्या दमट हवेत लाकूड सुकतं तरी का?

सुकतं, फक्त दिवस मोजून घ्यावे लागतात. ताज्या लाकडाच्या शंभर किलोंत चाळीस-पन्नास किलो पाणीच असतं. ते २० टक्क्यांपर्यंत आलं की सरपण तयार. पाऊस थांबल्यावर नोव्हेंबरपर्यंत फोडून रचलं, तर मनगटाएवढ्या फाळक्या फेब्रुवारी-मार्चला होतात. मांडीएवढ्यांना अख्खा उन्हाळा लागतो. न फोडलेला ओंडका साल धरून तसाच ओला राहतो आणि आत भुंगा शिरतो.

विटांवर रचा, जमिनीला टेकवू नका, नाहीतर वाळवी येते. वर पत्रा टाका आणि बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत चारही बाजूंनी गुंडाळलेलं लाकूड सुकत नाही, कुजतं. एकाच फाळकीवर खूण करून दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की झालं. दोन फाळक्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज येतो, ओल्यांचा बद्द येतो.

एका सिलिंडरच्या जागी किती लाकूड लागेल?

अंदाजे सांगतो. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला मिळते, गॅसच्या शेगडीत साधारण साठ. त्या हिशोबाने १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम करायला दीडशे ते अडीचशे किलो सुकं लाकूड लागतं. रोजच्या स्वयंपाकासाठी शहरात लाकूड धरू नका, धुराने घरातल्या बाईची छाती आधी भरते. शेतावरची चूल, लग्नाचं जेवण, पनवेलकडची पोपटी इथे ते शोभतं.

बेकरीला किंवा भट्टीला लाकूड पुरवाल का?

नवं काम घेत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. खाडीच्या या बाजूची हवा काही वेगळी नाही. पडलेल्या झाडांचं लाकूड एका बेकरीलाही वर्षभर पुरत नाही, मग उभ्या झाडांवर नजर जाते. स्मशानभूमीची गोष्ट निराळी. एका चितेला साधारण तीनशे किलो लागतं, आणि तिथे देताना मी सुकंच देतो. ओल्या लाकडाने घरच्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

पावसाळ्यात छाटणी केली तर?

झाड धोकादायक असेल तरच. जून ते सप्टेंबर बगळे आणि पाणकावळे मोठ्या पर्जन्यवृक्षांवर वसाहत करून पिल्लं वाढवतात. एक फांदी म्हणजे वीस घरटी असू शकतात, आणि पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मशीन लावण्याआधी खाली विष्ठेचे पांढरे डाग आहेत का बघा. डाग असतील तर आम्ही तारीख पुढे ढकलतो. पडून राहिलेल्या ओंडक्यांखाली घोणस-मण्यार असतात, हात घालण्याआधी पहारीने उलटवा.

बुंधा उरलाय. तोही उपटून सरपणात घेऊ का?

राहू द्या. मुळाशी माती आणि खडे असतात, एका कापात चेन जाते. सुबाभूळ, गिरीपुष्प, शिरीष बुंध्यातून पुन्हा फुटतात. पाऊस पडू द्या, मग बघा. चिंचेचा बुंधा मोठा असेल तर जमिनीलगत न कापता हातभर वर कापा. खाटीक त्याचा ठोकळा शोधत येतात, जाळण्यापेक्षा तो वीस वर्षं कामाला येतो.